फ्लाविया नदी ओलांडते

विनयाने तीन पानं एकदम उलटली आणि म्हणाली, “इथे निसर्गवर्णन आहे.”

“पुन्हा?” मधुकरराव म्हणाले.

“जंगलातली गोष्ट आहे. असायचंच.”

परदेशात, हॉर्नबीला, दोघांच्या मुलाच्या घरातल्या काचेच्या खोलीत मार्चमधलं दुपारचं ऊन आलं होतं, म्हणून हीटर लागत नव्हता. मुलगा ऋतुराज ऑफिसात होता, सून ऋचा तिच्या फार्मसीत. काचबिंदूने मधुकररावांची नजर जवळजवळ गेली होती, त्यामुळे लायब्ररीतून आणलेलं पुस्तक विनया वाचायची आणि ते ऐकायचे. पुस्तक इंग्रजी, पण वाचायचं मराठीत. तुझे इंग्रजी उच्चार ऐकवत नाहीत, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. विनया इंग्रजी घेऊन बी.ए. झाली होती. तिने मान हलवली आणि इंग्रजी पानाकडे बघत मराठीत बोलायला लागली.

गोष्ट होती एका रोमन सरदाराच्या मुलीची, फ्लावियाची, आणि सरहद्दीवरचं तिचं घर जाळून तिला पळवून नेणाऱ्या रुगार नावाच्या रानटी नायकाची. पुस्तक प्रेमाचं, तेव्हा पुढे काय होणार ते मुखपृष्ठावरच दिसत होतं. विनयाने त्याला घरी आणल्याआणल्या वर्तमानपत्राचं कव्हर घातलं. ज्यांना दिसतच नाही त्यांच्यापासून चित्र कशाला लपवायचं, असं ऋचा हसून म्हणाली होती, पण सवयीला औषध नसतं. रुगारच्या टोळीतली दारूसुद्धा विनयाच्या तोंडून बाहेर पडेपर्यंत ताक होऊन जायची. रानटी लोक एवढं ताक पितात का, असं मधुकररावांनी एकदा विचारलं, तेव्हा तिने पचायला बरं असतं म्हणून वेळ मारून नेली.

एका गोष्टीला मात्र तिने हात लावला नव्हता. रुगार फ्लावियाला कधी काही विचारत नसे. चल म्हणे, थांब म्हणे, खा म्हणे. ही पानं मराठीत आणताना विनयाला शब्द शोधावे लागत नसत.

गेल्या महिन्यात जेवताना मधुकररावांनी जाहीर केलं होतं, की एप्रिलमध्ये आपण दोघं मिरजेला परत जायचं, कायमचं. ऋतुराजचा हात ताटातच थांबला. त्याने दोघांच्या रेसिडेन्सीची, इथे कायम राहण्याच्या परवान्याची, खटपट चालवली होती. सगळ्यांनी विनयाकडे पाहिलं, तर ती नवऱ्याला पोळी वाढत होती. तिला राहायचं होतं. लायब्ररीपर्यंत एकटीने चालत जायचं, काउंटरवरच्या बाईने किया ओरा असा तिथला नमस्कार करून आज काय हवंय असं विचारायचं आणि आपण खरोखर विचार करून सांगायचं, एवढंच तिला हवं होतं. एवढ्याशासाठी कोणी नवऱ्याला एकटं पाठवतं का? तेव्हापासून तिला भूक लागत नव्हती आणि रागही येत नव्हता. दाढ काढण्याआधी गाल बधिर करतात, तशी बधिर होऊन ती घरभर वावरत होती.

आता शेवटचं प्रकरण उरलं होतं. रुगार फ्लावियाला नदीकाठी आणतो. पलीकडे रोमन चौकी दिसते. जा, तू मोकळी आहेस, असं तो म्हणतो. पुस्तकातली फ्लाविया नदीकडे पाठ फिरवते आणि त्याच्या छातीवर डोकं टेकवते. विनयाने ते वाक्य वाचलं, मनातल्या मनात मराठीत जुळवलं. मग पुस्तक मिटलं.

“फ्लाविया पाण्यात उतरली,” ती म्हणाली. “पाणी गार होतं. गुडघ्यापर्यंत आलं, मग कमरेपर्यंत. ती पलीकडे गेली. संपलं.”

शेजाऱ्याचं गवत कापायचं यंत्र सुरू झालं आणि बंद पडलं.

“पुस्तकात ती जात नाही,” ते म्हणाले.

“तुम्हाला कसं कळलं?” विनयाने विचारलं. ऋचाने गेल्या आठवड्यात लायब्ररीतून याच पुस्तकाच्या कॅसेट्स आणून दिल्या होत्या, आईंना तेवढाच आराम म्हणून. विनया फिरायला गेली की मधुकरराव त्या लावत. सगळ्या ऐकून झाल्या होत्या. त्यात निसर्गवर्णन फारसं नव्हतं, असंही त्यांनी सांगितलं. विनयाचे कान तापले.

“मग मला का वाचायला लावलंत?”

“तुझी गोष्ट वेगळी होती.” त्यांनी घसा साफ केला. “ऋतुराजला सांग, तिकीट एकच काढ. माझं. तू राहा इथे.”

हेच तर हवं होतं. विनया आनंद व्हायची वाट बघत बसली, पण तो काही झाला नाही. चल म्हणणारा आवाज आणि राहा म्हणणारा आवाज एकच होता.

“हेही तुम्हीच ठरवलंत,” ती म्हणाली.

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ती असं कधी बोलली नव्हती. आता हे तडक उठून जातील, असं तिला वाटलं. ते उठले नाहीत. खुर्चीच्या हातावर त्यांची बोटं काहीतरी चाचपत होती.

“बरं,” ते शेवटी म्हणाले. “तुला काय करायचंय?”

“मला राहायचंय.”

मधुकररावांनी मान हलवली. मिरजेला धाकटी बहीण सुरेखा दोन घरं सोडून राहते, ती डब्याचं बघेल, डॉक्टरही जवळ आहेत, असं काहीबाही ते बोलत राहिले. त्यात तक्रार नव्हती. मग थांबले.

“एक सांगायचं राहिलं तुझं. नदी ओलांडल्यावर ती मागे वळून बघते का?”

याचा विनयाने विचारच केला नव्हता. ‘नाही’ असं म्हणण्यासाठी तिने तोंड उघडलं.

“बघते,” ती म्हणाली, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिला दुखलं.