दोन सरकारांचा डबा

मित्रांनो, लाखांदूरच्या एका बंद खोलीत, फाटक्या पोत्यांच्या मागे ठेवलेला मी एक पितळी डबा आहे. जुना म्हणावे इतके माझे वय नाही. १९७४ साली मी जन्मलो. पण ज्याच्या पोटातले मरते, तो लवकर जुना होतो.

भंडारा शहरात पितळेची भांडी घडवणाऱ्यांची एक गल्ली आहे. तिथे भय्याजी नावाच्या कारागिराने मला ठोकून घडवले. मी एकटा नव्हतो. माझ्यासोबत माझा जुळा भाऊही घडला. तेच पितळ, तेच फिरकीचे झाकण, झाकणाखाली तशीच रबराची चकती. दोघांच्याही पोटात चाळीस लहान डब्या. भय्याजींनी आम्हाला झाकण लावून हौदात बुडवले आणि बुडबुडा निघतो का ते बराच वेळ पाहिले. एकही निघाला नाही. तेव्हा ते शेजाऱ्याला म्हणाले, "यात भूत कोंडलं, तं तेही बाहेर नाही यायचं."

आमच्यात भूत नव्हे, धानाचे बी कोंडायचे होते. त्या वर्षी आपल्या राज्याच्या सरकारने समुद्रापलीकडच्या एका प्रांताच्या सरकारशी करार केला होता. तो मुलूख थंड, पण तिकडचे लोकही आपल्यासारखा भातच खातात. ठरले असे, की आपल्या भागातल्या जुन्या धानांचे बी गोळा करावे आणि त्याचे दोन सारखे वाटे करावेत. एक वाटा इथे राहील, एक तिकडे जाईल. दोन्हीकडचे शास्त्रज्ञ त्याचा अभ्यास करतील, आणि एकाकडचे बी गेले तर दुसरा ते देईल. तिकडून आलेल्या शास्त्रज्ञ पाहुण्यांनी भंडाऱ्याचे पितळकाम पाहिले आणि ते म्हणाले, बी तुमचे, तर डबाही तुमचाच असू द्या. म्हणून आम्ही दोघे जन्मलो. मला याचा फार अभिमान वाटे.

लाखांदूरला या कामासाठी दोन खोल्यांचे एक केंद्र उघडले होते. तिथे गोपीचंद नावाचा सहायक होता. तो मोहाडीकडचा. त्याच्या घरात शिकून नोकरीला लागलेला तो पहिलाच. त्यामुळे तो कामाला फार जपे. मला सायकलच्या कॅरिअरवर सुतळीने बांधून तो गावोगाव फिरला. कुठे लाल कुसाचे धान मिळाले, कुठे वासाचे, कुठे साठ दिवसांत येणारे. सतराव्या गावी, दिघोरीला, आम्ही शकुनबाईंच्या अंगणात पोहोचलो.

शकुनबाईंच्या दोन बांधी तलावाच्या पाराखाली, म्हणजे बंधाऱ्याखाली, होत्या. धानाच्या शेताच्या तुकड्याला इकडे बांधी म्हणतात. पावसाळ्यात तलाव भरला की त्या दोन बांधी आठ-आठ दिवस पाण्याखाली जात. दुसरे कोणतेही धान तिथे सडून जाई. फक्त शकुनबाईंच्या घरचे एक धान पाणी ओसरल्यावर पुन्हा उभे राही. गाव त्याला पाणबुडा म्हणे. बाकीच्यांनी नवे बियाणे घेतल्यापासून ते फक्त त्यांच्याच घरी उरले होते.

त्यांनी मला चहूबाजूंनी निरखले, बियाच्या ढोलीकडे, म्हणजे कणगीकडे, बोट दाखवले आणि गोपीचंदला विचारले, "आमच्या ढोलीत काय उपाशी मरून राहिलं का ते, की सरकारनं पोसावं?"

"तसं नाही, माय," गोपीचंद म्हणाला. "उद्या आग लागली, उंदीर लागले, दुकाळ पडला, तं? आता दोन देशांत राहीन तुमचं बी."

"आन् आमी मांगतलं तं?"

"एक पोस्टकार्ड टाकजा. मीच घेऊन येईन."

"मोठा आला आणणारा. सायकलची चेन तं लाव आधी, उतरली आहे."

अंगणात जमलेले सारे हसले. शकुनबाईंनी सुपात बी घेतले, पाखडले आणि सारखे दोन वाटे करून दिले. माझ्या सतराव्या डबीत पाणबुडा आला. भावाच्याही सतराव्या डबीत आला. चाळीसही डब्या भरल्यावर भाऊ लाकडी खोक्यातून निघून गेला. त्यानंतर आम्ही भेटलो नाही.

करारात माझ्यासाठी दोन नियम लिहिले होते. मला कोरड्या दिवसांतच उघडायचे, ते ओल शोषणाऱ्या कळीच्या चुन्याची पुरचुंडी बदलण्यापुरते. आणि दर तिसऱ्या वर्षी आतले बी पेरून ताजे बी भरायचे. कारण धानाचे बी नुसते ठेवून टिकत नाही. ही गोष्ट शकुनबाईंना कराराशिवायही ठाऊक होती.

पण मित्रांनो, माझे कौतुक फार झाले. मी दोन सरकारांच्या मैत्रीची खूण होतो. कुणी मोठा माणूस भागात आला की त्याला केंद्रावर आणत. मला चिंचेने घासून चकचकीत करत, टेबलावर पांढरा कपडा अंथरत आणि झाकण उघडत. पाहुणे दाणे तळहातावर घेत, फोटो निघे, दाणे परत आत जात. १९७५ च्या एकाच पावसाळ्यात मला अकरा वेळा उघडले. बाहेर संततधार लागलेली असे आणि ती ओली हवा माझ्या पोटात शिरे.

गोपीचंद एकदा धीर करून म्हणाला, "साहेब, पावसाचं उघडू नये जी याले."

केंद्राचे साहेब म्हणाले, "पाहुणे काय झाकण पाहायला आले आहेत, गोपीचंद?"

मी त्या वेळी साहेबांच्याच बाजूचा होतो, हे कबूल करतो. मला उघडलेले आवडे. फोटो आवडत.

१९७७ साली बी पेरायची पाळी आली. त्यासाठी दोन्ही सरकारांची मंजुरी लागे. आपल्याकडची वैशाखात आली. पलीकडची पत्राने यायची होती, ती आली तेव्हा रोवणी, म्हणजे धानाची लावणी, संपून गेली होती. मग पुढच्या वर्षी करू असे ठरले. पुढच्या वर्षी साहेब बदलले. नव्या साहेबांनी विचारले, "तिकडे दुसरा डबा आहे ना?" गोपीचंद म्हणाला, आहे. "मग घाई काय?" ते म्हणाले.

१९७९ साली पाऊस दगा देऊन गेला. तलावाच्या तळाला भेगा पडल्या. बुडत्या पाण्यात तगणारा पाणबुडा कोरड्या मातीत तगला नाही. ही हकीकत मला पुढच्या वर्षी, मृगाच्या तोंडावर, शकुनबाईंकडूनच कळली. त्या एसटीने लाखांदूरला आल्या, केंद्राच्या पायरीवर बसल्या आणि गोपीचंदला म्हणाल्या, "पोस्टकार्ड नाही टाकलं, बापा. मीच आली. माहं बी दे."

"घरचं कुठं गेलं, माय?"

त्यांनी आणलेली रिकामी पिशवी मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "खाल्लं."

मित्रांनो, इकडे कितीही उपास पडले तरी बियाची ढोली फोडत नाहीत.

"धुरपता, माही सून, बाळंतीण झाली पुसाच्या महिन्यात," शकुनबाई सांगू लागल्या. "घरात दाणा नाही. तिले दूध उतरे ना. माही सासू म्हणे, काहीही होवो, बियाले हात लावू नये. मी म्हटलं, आपलं बी दोन सरकारपाशी हाय, तुमच्या वेळेस कुठं होतं असं? आन् रांधून घातलं. तू नाही बोलला होता का?"

"बोललो होतो," गोपीचंद म्हणाला.

त्याने मला उघडले. पुरचुंडीतला चुना ओल पिऊन केव्हाच भुकटी झाला होता. त्याने सतराव्या डबीतले शंभर दाणे मोजून ओल्या पोत्यात गुंडाळले. शकुनबाई गावी गेल्या नाहीत. ओळखीच्या एका घरी राहिल्या आणि रोज सकाळी येऊन पोते उलगडून पाहू लागल्या. चौथ्या दिवशी एका दाण्याला मोड आला, मोहरीएवढा. त्यांनी कुणाला बोलू दिले नाही. पाचव्या दिवशी तो काळा पडला. आठव्या दिवशी पोत्याला वास येऊ लागला. मग गोपीचंदने बाकीच्या लहान डब्यांतले बीही पाहिले. चाळीसही गावांचे बी मेले होते.

मी भय्याजींनी घडवला तसाच होतो. झाकण घट्ट होते, पितळ चकाकत होते.

"तिकडचा डबा हाय ना?" शकुनबाईंनी विचारले.

त्या एका प्रश्नावर पुढची दोन वर्षे गेली. गोपीचंदने अर्ज लिहिला. तो साहेबांकडून नागपूरला, नागपूरहून वर, आणि तिथून समुद्रापलीकडे गेला. शकुनबाई दर महिन्याला बाजाराच्या दिवशी येऊन विचारत, "आलं का त्याइचं काही?" दोन्ही बांधींत त्यांनी नवे बियाणे लावून पाहिले. दोन्ही वर्षे ते पाण्याखाली सडले. मुलगा परसराम धुरपताला आणि लहानग्याला घेऊन चंद्रपूरकडे खाणीवर कामाला गेला. जाताना म्हणाला, "बी आलं की कळव, माय. मी येतो."

१९८२ च्या पौषात उत्तर आले. साहेबांनी ते गोपीचंदला मराठीत सांगितले आणि गोपीचंदने पायरीवर बसलेल्या शकुनबाईंना. तिकडचे लोक प्रामाणिक होते. त्यांनी सारे खरे लिहिले होते. पाणबुडा त्यांनी पहिल्याच वर्षी पेरला होता. हिरवागार वाढला. पण तिकडे उन्हाळ्याचा दिवस फार मोठा. आपले धान दिवस लहान झाल्याशिवाय निसवत नाही, म्हणजे लोंबी बाहेर काढत नाही. ते निसवायला लागले तोवर थंडी पडली आणि सारे पीक पोचट गेले. सगळे बी त्यात संपले. पण मूळ वाटा भारतात सुरक्षित असल्याचे दरवर्षीच्या अहवालात ते वाचत होते, म्हणून त्यांना काळजी वाटली नाही. शेवटी त्यांनी विनंती केली होती, की या वाणाचे थोडे बी कृपा करून पुन्हा पाठवावे.

"म्हणजे ते आपल्यालेच मांगून राहिले?" शकुनबाईंनी विचारले.

"हो, माय."

"आमच्याकडं म्हणतात, दोन घरचा पाहुणा उपाशी. तसं झालं हे."

आतून साहेबांनी हाक मारून सांगितले, सतराव्या डबीतले मूठभर बी पाकिटात भर आणि आजच्या टपालाने लाव.

"साहेब, ते मेलेलं हाय जी."

"त्यांनी जिवंत आहे का म्हणून विचारलं आहे का?"

गोपीचंदने मला उघडले. त्याने सतरावी डबी पाकिटात उलटी केली. काही दाणे खाली पडले. शकुनबाईंनी त्यातला एक उचलून दाताखाली धरला. जिवंत बी दाताखाली टणक लागते. याचा भुगा झाला. त्यांनी तो थुंकला नाही, गिळला.

"चिठ्ठीत लिहून दे त्याइले," त्या म्हणाल्या. "पेरू नका म्हणा. रांधून खा. चव चांगली होती."

गोपीचंदने तसे काही लिहिले नाही. तिकडून पोच आली, की बी मिळाले, आभारी आहोत. पुढे तीन वर्षे दोन्ही सरकारांच्या अहवालांत पाणबुडा दोन्ही देशांत सुरक्षित होता. मग करार संपला, केंद्राला कुलूप लागले आणि मला पोत्यांच्या मागे ठेवले.

मित्रांनो, तुमच्या घरची एखादी जुनी चीज कुणी जपायला मागितली, तर द्या. मागणारा खोटा असतोच असे नाही. माझ्यासाठी बी मागताना कुणीच खोटे नव्हते. पण ती दिली म्हणून आपल्या मातीतले पेरणे थांबवू नका, आणि दुसऱ्याने जपले असेल या भरवशावर झोपू नका. आम्ही दोघे भाऊ एकमेकांच्या भरवशावरच रिकामे झालो.

मी हे सांगतो आहे, पण शकुनबाईंना त्याचा उपयोग नाही. परसराम परत आला नाही. गोपीचंद कुलूप लावायला आला तेव्हा त्याने साहेबांना सांगितले, की त्या दोन बांधींत आता देवधान उगवते. ते कुणी पेरत नाही. पाण्यात उभे राहते, लोंबी धरते, पण दाणा पिकला की आपोआप गळून जातो. शकुनबाई तरी विळा घेऊन जातात, आणि त्यांच्या हाती नुसती काडी येते.