एका पिनेत दोन बिल्ले

ताईने गळपट्टीच्या आत टोचलेली सेफ्टी पिन काढली, धबधब्याच्या फाटकावर चौकीदाराने दिलेले दोन्ही पितळी बिल्ले तिच्यात ओवले आणि पिन पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकली.

“माझा माझ्याकडे राहू दे की,” बारकी म्हणाली.

“हरवशील.”

“बिल्ला आहे ताई, मूल नाही.”

“मूल असतं तर दिलं असतं. ते निदान रडतं तरी.”

चौकीदार हसला. बारकीही हसली, पण उगीच. मग ती फाटकाच्या आत जाऊन पक्ष्यांची नावं लिहिलेला फलक वाचत उभी राहिली.

बारकी चौतिशीची होती. तिचा चष्मा, घराची किल्ली, पैशांचं पाकीट, डोकेदुखीच्या गोळ्या, सगळं ताईच्या पर्समध्ये असायचं. आई गेली तेव्हा बारकी सहा वर्षांची होती आणि ताई सतरा. तेव्हापासून कुणीही काही विचारलं की ताई दोघींचं मिळून उत्तर द्यायची. जेवलात का? हो, दोघी. बरं नाही का? दोघींनाही सर्दी आहे. स्वतःला झोप लागत नव्हती तेव्हासुद्धा तिने डॉक्टरांना सांगितलं होतं, “आम्हाला झोप येत नाही.” डॉक्टरांनी तिच्यामागे कोण आहे ते वाकून पाहिलं होतं.

पर्सच्या त्याच कप्प्यात आज आणखी एक वस्तू होती. मंगळवारी दुकानात आलेलं, बारकीच्या नावाच्या पत्राचं पाकीट. कपडे दुरुस्त करण्याचं त्यांचं ते दुकान जिन्याखाली होतं. ताई शिवायची, बारकी कापायची, आणि बारकीच्या कात्रीसारखी कात्री चार गल्ल्यांत नव्हती. ही गोष्ट लांबच्या शहरातल्या एका कारखान्यालाही कळली होती. त्यांनी तिला नमुने कापायच्या कामावर बोलावलं होतं. सोमवारी हजर व्हा, नाहीतर जागा दुसऱ्याला देऊ, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. आज शुक्रवार होता. बारकीने त्या पत्राची महिनाभर वाट पाहिली होती, आणि ताईने ते तीन दिवस दाबून ठेवलं होतं. फाडून वाहत्या पाण्यात टाकावं, या विचाराने तिने कित्येक वर्षांत पहिल्यांदा दुकान बंद ठेवलं होतं. घरात फाडलं तर तुकडे सापडतात, हे तिला शिवणकामामुळे ठाऊक होतं. चिंधी कुठेतरी निघतेच.

“एक सांगतो बाई,” चौकीदार म्हणाला. त्याच्या मागे भिंतीला खिळ्यांची फळी होती. “वर बांध आहे. साडेचारला पाणी सोडतात. खाली वीज करायचं यंत्र आहे त्यासाठी. आधी भोंगा वाजायचा, तो बिघडला. अर्ज केलाय. दोन वर्षं झाली.”

“मग लोकांना कळतं कसं?”

“लोकांना नाही, मला कळतं.” त्याने फळीवर थाप मारली. “बिल्ला परत आला म्हणजे माणूस परत आला. फळी भरली की मी वर फोन करतो, मगच सोडतात. नाही भरली तर सोडत नाहीत. पण चारपर्यंत या. उगाच खोळंबा नको.”

“चारला दोघी हजर,” ताई म्हणाली.

वाट सोपी होती. दगडी पायऱ्या, अवघड जागी लोखंडी कठडा, मध्ये एक बाक. गुडघेदुखीवालाही अर्ध्या तासात पोचेल असं पाटीवर लिहिलं होतं. एक म्हातारं जोडपं उतरताना भेटलं. बाई म्हणाल्या, “पाणी फार नाही हो, पण थंड आहे.” त्यांच्यानंतर कुणी भेटलं नाही. झाडी दाट होत गेली, आणि चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं, ताईला पान पडलं तरी दचकायला होत होतं. पर्स तिने पोटाशी धरली होती.

ओढा वाटेच्या कडेने होता. पात्र केवढं रुंद, आणि पाणी मात्र घोट्याएवढं. बारकी एका मोठ्या खडकापाशी थांबली. कापड मापताना पाहायची तशी तिने त्याच्याकडे खालून वर नजर नेली.

“ताई, हा डाग बघ. इथपर्यंत पाणी येत असणार.”

खडकावर पांढुरकी रेघ होती, बारकीच्या गळ्याशी. तिच्या खाली शेवाळ होतं. वर खडक कोरडा होता.

“येत असेल पावसाळ्यात,” ताई म्हणाली.

“शेवाळ ओलं आहे.”

“चल गं. प्रत्येक गोष्टीला टेप लावू नकोस.”

धबधबा उंच होता पण बारीक. काळ्या कड्यावरून दोन-तीन धारा उतरत होत्या आणि खाली डोहात पडत होत्या. डोहाच्या तोंडाशी, पात्राच्या अगदी मध्ये, एक सपाट दगड होता. बारकीने चपला काठावर काढल्या आणि ती त्या दगडावर जाऊन पाण्यात पाय सोडून बसली. ताईकडे तिची पाठ होती. एकही पक्षी ओरडत नव्हता. फलकावर सतरा नावं होती म्हणे.

ताईने पाकीट काढलं. आयुष्यभर तिने कापड टराटरा फाडलं होतं. हा चार घड्यांचा कागद हातात आला आणि बोटं वळेनात.

“फाडू नकोस,” बारकी म्हणाली. मान वळवली नव्हती तिने.

ताईने कागद पुन्हा पाकिटात सारला.

“पोस्टमननं मला मंगळवारीच सांगितलं. म्हणाला, तुमचं पत्र ताईंकडे दिलंय. म्हटलं बघू, ताई कधी देते.” आता ती वळली. “काल रात्रीपर्यंत वाट बघितली. आज सकाळी तू म्हणालीस फिरायला जाऊ, तेव्हा वाटलं, तिथं देणार असेल.”

“देणारच होते.”

“ताई.”

ताई पाण्यात उतरली, दगडापर्यंत गेली आणि पाकीट तिच्या हातात दिलं. बारकीने पत्र वाचलं, पुन्हा घडी केली आणि सदऱ्याच्या खालच्या खिशात ठेवलं.

“जाणार तू?”

“जाणार.”

“आणि दुकान? मी एकटीनं काय करायचं? तुला वाढवलं ते याच्यासाठी?”

“हे तू म्हणशील असं वाटलंच होतं मला.” बारकीचा आवाज चढला नाही. “तू हो पुढे. मी येते मागनं. आत्ता मला तुझ्याबरोबर चालायचं नाही.”

ताई एकटी निघाली. तळपायाची आग मस्तकाला गेली होती, आणि त्या आगीखाली लाज होती, जी जास्त भाजत होती. पायऱ्या कधी संपल्या तिला कळलं नाही. बारकी गेल्यावर कापायच्या टेबलाशी कोण उभं राहील, संध्याकाळी शटर ओढताना कुणाला हाक मारायची, एवढंच डोक्यात फिरत होतं. आणि पुनःपुन्हा एकच वाक्य: जाऊ दे गेली तर.

फाटकाशी चौकीदार घड्याळ बघत उभा होता. सव्वाचार झाले होते.

“आलात? दोघी?”

“हो, दोघी,” ताई म्हणाली.

हात पर्समध्ये गेला. पिन लागली. पिनेत दोन बिल्ले होते, ते तिच्या बोटांना कळलं. त्या वेळी मनात नेमकं काय होतं, ते तिने पुढे कितीदा आठवून पाहिलं, पण हाती लागलं नाही. बोटं क्षणभर थांबली होती, एवढं मात्र आठवायचं. मग तिने पिन तशीच त्याच्या हातावर ठेवली.

त्याने मान वर न करता ती एकाच खिळ्याला अडकवली. ताई नळावर गेली. तोंडावर पाणी मारलं. दुसऱ्यांदा ओंजळ भरली तेव्हा मागून चौकीदाराचा आवाज आला. तो फोनवर बोलत होता.

“हो, रिकामं आहे. सोडा.”

ओंजळीतलं पाणी सांडलं.

“अहो!” ताई ओरडली. “ती वर आहे! माझी बहीण वर आहे!”

चौकीदाराने आधी तिच्याकडे, मग फळीकडे पाहिलं. “तुम्ही दोघी म्हणालात.”

“थांबवा आधी!”

त्याने पुन्हा फोन लावला. वर नुसतीच घंटी वाजत राहिली. “वरचा माणूस दाराचं चाक फिरवायला गेला असणार,” चौकीदार म्हणाला. “पाणी कड्यावर यायला दहा मिनिटं लागतात.”

अर्ध्या तासाची वाट होती. ताई पळाली.

तिचं वय पंचेचाळीस. बसून काम करणारी बाई. पहिल्या वळणावरच धाप लागली. चौकीदार तिच्यामागून पुढे गेला, दिसेनासा झाला. ती कठडा धरून धरून चढत राहिली. बाकाशी पोचली तेव्हा ओढ्याचा आवाज बदलला. आधी वाळलेली पानं आली, मग काटक्या, आणि त्यांच्यामागे मातकट पाणी आलं, सगळं पात्र भरून. डागाचा खडक तिच्या डोळ्यांदेखत, बारकीच्या गळ्याशी होती त्या रेघेपर्यंत बुडाला.

ताई मटकन पायरीवर बसली. देवाचं नाव घ्यावं हेही सुचलं नाही. मनात फक्त मघाचं वाक्य होतं, जाऊ दे गेली तर. पाण्यातून एक चप्पल आली, गोल फिरली आणि पुढे गेली. पट्टा लाल होता. तो ताईनेच शिवला होता.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. वरून पावलं वाजली. चौकीदार उतरत होता, आणि त्याच्यामागे अनवाणी, कमरेपर्यंत भिजलेली बारकी होती. एका हाताने तिने खिसा दाबून धरला होता.

“पानं यायला लागली तशी उठले,” ती म्हणाली. “तो डाग आठवला.”

ताईने तिला मिठी मारली. बारकी मारू देत उभी राहिली. तिचे हात मात्र खालीच होते.

तिघं फाटकाशी आली. बारकी फळीसमोर गेली. एकाच खिळ्याला लटकलेली पिन आणि तिच्यातले दोन बिल्ले तिने नीट पाहिले.

“यांनी तुला सांगितलं होतं? फळी भरली की पाणी सोडतात म्हणून?”

“हो.”

“आणि तू दोन्ही दिलेस.”

“सवयीनं गं,” ताई म्हणाली. “देवाशपथ, सवयीनं.”

“बरं.”

रागाचं असतं तर ताईला ते ‘बरं’ ओळखता आलं असतं. अठ्ठावीस वर्षांत या आवाजातलं ‘बरं’ तिने ऐकलं नव्हतं.

बारकीने पिन उघडली. एक बिल्ला एका खिळ्याला लावला, दुसरा शेजारच्या. पिन बंद केली आणि ताईच्या हातावर ठेवली.

“ही तुझी. माझं पैशांचं पाकीट आणि किल्ली दे.”

ताईने पर्स उघडली. पाकीट दिलं, किल्ली दिली, न मागता चष्माही दिला. गोळ्यांची पट्टी बोटांत आली तेव्हा ती जरा थांबली. मग तीही दिली.

बस रिकामीच होती. बारकी पुढच्या बाकावर खिडकीशी बसली आणि ओलं पत्र मांडीवर पसरून तळहाताने सपाट करू लागली. शेजारची जागा रिकामी होती. ताई दोन बाक सोडून मागे बसली. गाडी सुटल्यावर कंडक्टर दांड्यांना धरत तिच्यापाशी आला.

“किती?”

ताईचं तोंड उघडलं, आणि तसंच राहिलं. कंडक्टरने पुन्हा विचारलं.

“एक,” ती म्हणाली.

त्याने पुढे, भिजलेल्या कपड्यांकडे आणि अनवाणी पायांकडे पाहिलं. “आणि त्या? तुमच्याबरोबरच ना?”

ताईच्या मुठीत पिन होती. तिने मूठ आवळली.

“त्यांचं त्यांना विचारा,” ती म्हणाली.