जाकिटाची जागा

पहिल्या दिवशी भोरच्या स्टँडवर तार्मो रांगेत उभा राहिला. रांग त्याच्यापासून सुरू होत होती आणि त्याच्यावरच संपत होती. वेल्ह्याची एसटी आली, भरली, गेली. रांग जिथल्या तिथं.

तार्मो एस्टोनियाचा, वय तेवीस. तोरण्याच्या पायथ्याच्या गवतांचा अभ्यास करायला तीन महिन्यांसाठी आला होता आणि शब्बीर मेकॅनिकच्या माडीवर भाड्यानं राहत होता. मराठी तो इंटरनेटवरून एका निवृत्त शिक्षिकाबाईंकडं शिकला होता, त्यामुळं बोलायचा ते लग्नपत्रिकेसारखं.

"तुमच्याकडं माणसं किती?" संध्याकाळी शब्बीरच्या बायकोनं, हसीनाचाचीनं विचारलं.

"तेरा लक्ष."

"गावात?"

"देशात."

"मग तुम्हाला परवडती रांग," चाची म्हणाली. "हितं गाडी लागली की खिडकीतनं रुमाल टाकायचा. रुमाल पडला ती जागा आपली. मग दारातनं निवांत चढायचं."

"आणि तिथे अन्य कोणी बसले तर?"

पंगतीत शेजाऱ्याच्या ताटातली भाकरी उचलली तर चालेल का, असं त्यानं विचारल्यासारखं चाचीनं त्याच्याकडं पाहिलं. "रुमाल टाकल्यावर कसं बसतील?"

दुसऱ्या दिवशी त्यानं रुमाल टाकला. एस्टोनियात रुमाल कागदाचे असतात. आतल्या एका बाईनं त्या कागदानं लेकराचं नाक पुसलं आणि घडी करून खिडकीतनं परत दिला.

रात्री तार्मोनं शास्त्रीय विचार केला. वस्तू कापडाची हवी आणि वजनदार हवी. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अंगातलं निळं जाकीट काढलं आणि नेम धरून तिसऱ्या खिडकीतून आत सोडलं. जाकीट सीटवर बरोबर बसलं. हे त्याचं परदेशातलं पहिलं यश.

मग तो दाराशी गेला. मोठ्यांना आधी जाऊ द्यावं, असं शिक्षिकाबाईंनी शिकवलं होतं. "कृपया, आधी आपण," तो एका आजींना म्हणाला. आजी चढल्या. मागून त्यांची सून, सुनेची पिशवी, पिशवीचे दोन भाऊ. "कृपया, आधी आपण." असं करता करता चौदा जण झाले. मग दार लागलं, घंटी वाजली आणि जाकीट वेल्ह्याला निघालं. त्याच्या आतल्या खिशात पासपोर्ट होता.

तो पळत गॅरेजवर आला. "माझे जाकीट एसटीने गेले."

"संध्याकाळी येतंय की माघारी," शब्बीर म्हणाला.

"आत पासपोर्ट आहे. तो गेला तर मला परत जावे लागेल. गवत राहील."

शब्बीरनं हातातला पाना खाली ठेवला. त्याची मोटारसायकल समोरच होती, पण फरशीवर पसरलेली. मेकॅनिकची स्वतःची गाडी अशीच असते. त्यानं नसरापूरला शाकिरला फोन लावला. शाकिर त्याचा मावसभाऊ, तिथं रिक्षा चालवतो. जाकिटाचं वर्णन सांगून शब्बीर गाडी जोडायला बसला.

तासाभरानं शाकिरचा फोन आला. शब्बीरनं स्पीकर चालू केला.

"हाय. तिसऱ्या शिटवर, खिडकीपाशी बसलंय."

"मग घेतलंस का?"

"देत न्हाईत. एक बाबा हायेत, शिटाला टेकून उभे. म्हनत्यात, ज्यानं टाकलं त्यानं उचलायचं. तू कोन?"

"कोण ते सांगायचं की."

"सांगितलं. म्हनले, रिक्षावाल्याला एसटीत कशाला जागा लागती? समदी गाडी हसली."

"गर्दी हाय का?"

"लई. एक जन डायवरच्या मांडीवर बसायचा ऱ्हायलाय. पन त्या शिटवर कुनी न्हाई."

गाडी जोडून झाली तेव्हा एक नट उरला. "जास्तीचा असंल," म्हणत शब्बीरनं तो खिशात टाकला आणि दोघं निघाले. कापूरहोळपर्यंत तार्मो नटाचा विचार करत होता, पुढं पासपोर्टचा.

वेल्ह्यात पोचले तेव्हा एसटी स्टँडवर रिकामी उभी होती. ड्रायव्हर आणि कंडक्टर सुलक्षणाबाई समोर चहा पीत होते. आत तिसऱ्या सीटवर जाकीट होतं आणि शेजारी दांडा धरून सत्तरीचे एक बाबा उभे होते. त्यांचं नाव गेनबा.

"नमस्कार. हे जाकीट माझे आहे."

"कशावरनं?"

"आतल्या खिशात माझा पासपोर्ट आहे. त्यावर छायाचित्र आहे. आपण पाहावे."

"दुसऱ्याच्या खिशात म्या हात घालत न्हाई," गेनबा म्हणाले. "घालून दावा."

दुपारचं ऊन टपावर तापत होतं. तार्मोनं जाकीट घातलं, गळ्यापर्यंत चेन ओढली. मुंबईच्या विमानतळावर अधिकाऱ्यानं त्याला सहा सेकंद पाहिलं होतं. गेनबांनी पुढून पाहिलं, मागून पाहिलं, हात वर करायला लावले, बाह्या मनगटापर्यंत येतात का ते बघितलं.

"बसतंय," ते म्हणाले.

तार्मोनं खिसा चाचपला. पासपोर्ट होता. मग त्याला गेनबांचे पाय दिसले. दांड्याला रेलून ते एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत होते.

"आपण बसला का नाहीत? जागा रिकामी होती."

"रिकामी कुठं? तुमचं जाकीट व्हतं की."

"मी येणार नव्हतो. गाडी सुटली होती."

"त्ये मला काय ठावं? पुढच्या थांब्याला चढाल म्हनलं. कापूरहोळला न्हाई, नसरापूरला न्हाई. म्हनलं, मानूस लांबचा दिसतोय."

"आपण वेल्ह्याचेच का?"

"न्हाई. इंझरचा."

इंझर म्हणजे विंझर, ते मागं गेलं होतं. तार्मोनं येताना पाटी वाचली होती. "मग तिथे उतरला का नाहीत?"

"आन् जागा कुनावर सोडू?" गेनबा जरा चिडले. "समद्यांच्या नजरा तिच्यावर."

खालून शब्बीर म्हणाला, "बाबा, चला, गाडीवर सोडतो."

गेनबांनी मोटारसायकलकडं पाहिलं. "नगं. आमी एसटीनंच. हीच माघारी जाती."

तार्मोनं त्यांना दंडाला धरून खिडकीपाशी बसवलं आणि स्वतः शेजारी दांडा धरून उभा राहिला.

"तुमी कुठं?"

"इंझरला. आपल्याला सोडायला."

"मंग बसा की. समदी गाडी मोकळी हाय."

"असू द्या," तार्मो म्हणाला.

गाडी सुटायला अजून पंचवीस मिनिटं होती.