लाल मनोऱ्यातली वीज

गुरुवारी दुपारी चार वाजता सेंदाईहून एक ईमेल आला. ‘होशिगुरा’ खेळताना लाल मनोऱ्यात वीज चमकू लागली, शेजारी बसून बघणारी माझी बायको खाली कोसळली आणि हातपाय झाडू लागली, रुग्णवाहिका दारात आहे, असं त्यात लिहिलं होतं. खाली नाव, फोन नंबर आणि त्या घाईतही न विसरलेली एक ओळ होती : आपल्याला त्रास देतोय, माफ करा.

फुकुओकाच्या हाकाता भागातल्या चौथ्या मजल्यावरच्या ऑफिसात हा ईमेल सर्वांत आधी चिसातो निशिवाकीने वाचला. ती तिथली तपासणीप्रमुख. ‘होशिगुरा’ हा तीस वर्षांपूर्वीचा, टीव्हीला डबा जोडून खेळायचा कथाखेळ. नऊ माणसांच्या या कंपनीने तो संगणकासाठी पुन्हा तयार केला होता आणि त्याच दिवशी बारा वाजता तो विक्रीला आला होता.

तोवर दिवस बरा गेला होता. हवं तिथे थांबून खेळ जतन करता येतो, संगीत स्वच्छ ऐकू येतं, कंटाळवाणी पायपीट तिप्पट वेगाने उरकता येते, यावर लोक खूश होते. शिव्या अपेक्षित ठिकाणीच पडत होत्या. नवी अक्षरं करखात्याच्या नोटिशीसारखी दिसतात, असं एकाने लिहिलं होतं. पाठीवरची पिशवी उघडायला आता चार बटणं दाबावी लागतात, असं दुसऱ्याने.

चिसातोने ईमेल मोठ्याने वाचून दाखवला.

“मी सांगितलं होतं,” कुवाबाता म्हणाला. तो तिच्या हाताखालचा तपासनीस. “वसंतातच. घरी खेळताना ती वीज फार जोरात चमकते म्हणून.”

“आणि मी काय उत्तर दिलं?” दिग्दर्शक ओगुशींनी विचारलं. त्यांना ते आठवत असावं, कारण त्यांचा चेहरा आधीच उतरला होता.

“शियो.”

ठरवलंय तसंच आहे, ही चूक नव्हे, असा त्या शब्दाचा या धंद्यातला अर्थ. तक्रारीवर तो एकदा लिहिला की ती पुन्हा कुणी उघडत नाही. ओगुशींनी तो आळसाने लिहिला नव्हता. जुन्या खेळाशी इमान राखायचं, हा त्यांचा हट्ट होता. गोदामातला जुना डबा आणून त्यांनी दोन्ही विजा शेजारी शेजारी चालवून पाहिल्या होत्या. त्या तंतोतंत जुळल्या होत्या. पण ऑफिसातले सगळे पडदे सेकंदाला साठ चित्रं दाखवणारे होते, जुन्या टीव्हीसारखेच.

“ती वीज वेळ मोजतच नाही,” कुवाबाता म्हणाला. “चित्रं मोजते. बारा चित्रं लाल, बारा पांढरी. पडदा जितका वेगवान, तितकी ती वेगात.”

“तुझ्या घरचा पडदा कुठला?”

“दोनशे चाळीसचा.”

“म्हणजे चौपट,” ओगुशी म्हणाले आणि खाली बसले.

चिसातोने फोन हातात घेतला. गेल्या महिन्यात वडिलांच्या वाढदिवसाला तिने नवा संगणक पाठवला होता. पडदा कुठला घ्यावा, हे तिने कुवाबातालाच विचारलं होतं. त्याच्या घरी आहे तोच पडदा तिने घेतला होता.

एइझो निशिवाकी, वय एकाहत्तर, रेल्वेने दीड तासावरच्या कारात्सुला एकटे राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला आणि रुग्णालयात असतानाच एकदा फीट आली. गोळ्या रोज घ्यायच्या आहेत. डोकं जड होतं म्हणून ते त्या चुकवतात. आज सकाळी त्यांनी फोनवर सांगितलं होतं, “बारा वाजले की बसणार बघ. मला आज फोन करू नकोस.”

तिने फोन केला. वाजून वाजून बंद झाला. खेळताना ते फोन बाहेरच्या दाराशी चपलांच्या कपाटावर ठेवतात. खेळातूनच संदेश पाठवला असता, पण ‘कोपऱ्यात चिठ्ठ्या नाचतात, चित्र खराब होतं’ अशी त्यांची कुरकुर होती, म्हणून तिनेच नववर्षाच्या सुट्टीत गेली असताना त्यांच्या खात्यावरच्या त्या सूचना बंद करून दिल्या होत्या आणि नव्या संगणकावरही त्या बंदच होत्या.

“अहो, पण मनोऱ्यापर्यंत पोचायला त्यांना मध्यरात्र होईल,” कुवाबाता म्हणाला. “जुन्या वेगाने दहा-बारा तास लागतात.”

“ते तिप्पट वेग वापरणार नाहीत,” चिसातो म्हणाली. “तो आळशांसाठी आहे, असं म्हणतात.”

तरी तिने वडिलांचं पान उघडलं. नव्या खेळात प्रत्येक टप्पा पार केला की एक पदक मिळतं आणि ते ओळखीच्यांना दिसतं. होडीचं पदक मिळालेलं होतं. मिठाच्या खाणीचंही. खाणीनंतर एक पूल आणि पुलानंतर मनोरा.

“म्हातारबुवा पळत सुटलेत,” कुवाबाता म्हणाला, आणि लगेच, “माफ करा.”

“आता हा वेग बांधून टाकतो,” ओगुशींनी संगणक पुढे ओढला. “विक्री थांबवायला सांगा. अर्ध्या तासात सुधारणा सोडतो.”

“त्यांच्यापर्यंत पोचेल ती?”

“खेळ बंद करून परत उघडला तर.”

“ते मधे बंद करत नाहीत.”



तिने एकशे एकोणीसला फोन लावला.

“आग की रुग्णवाहिका?”

“रुग्णवाहिका. कारात्सुला. माझे वडील.”

“काय झालंय त्यांना?”

“अजून काही नाही.”

 पलीकडचा माणूस तितक्याच अदबीने म्हणाला, “कुणाला तरी आधी घरात डोकावायला सांगता येईल का?”

मग तिने वडिलांच्या शेजारच्या मातागाबाईंना फोन लावला; त्या आपल्या परसात होत्या. त्यांनी चिसातोला लहानपणापासून पाहिलेलं.

“अगं चिसातोचान! तुझ्या बाबांनी भर दिवसा लाकडी झडपा लावून घेतल्यात. गेले बिले की काय, म्हणून मी बघणारच होते.”

“काकू, झडपा जोरात वाजवा. त्यांना खेळ बंद करायला सांगा.”

“खेळ? या वयात? बरं, थांब, जाते.”

अंधार केल्याशिवाय वडिलांना खेळात रंग येत नाही. खोलीत उजेड ठेवा, पडद्यापासून लांब बसा, ही लहान मुलांच्या कार्यक्रमाआधी येणारी सूचना त्यांनीच तिला पाठ करायला लावली होती. स्वतः त्यांनी ती कधी पाळली नाही.

फोन चालू होता. चिसातोला काकूंच्या चपलांचा आवाज आला, मग लाकडावर मुठीचे ठोके. “निशिवाकीसान! अहो, उघडा! तुमच्या पोरीचा फोन आहे!”

चिसातोच्या पडद्यावर नवं पदक उमटलं : लाल मनोरा, दुसरा मजला. वीज तिसऱ्या मजल्यावर होती.

“काकू, मुख्य दार?”

“आतून साखळी आहे गं. चपला बाहेर दिसतायत. कानांवर ते मोठं यंत्र घालून बसले असतील. थांब, फटीतून बघते.”

चिसातो थांबली. ऑफिसात सगळे हात थांबले होते, फक्त ओगुशींची बोटं चालू होती.

“लाल दिसतंय,” मातागाबाई म्हणाल्या. “लाल, पांढरं, लाल, पांढरं. किती जोरात चाललंय हे. डोळे दुखले माझे.”

“बघू नका त्यात! काकू, बाजूला व्हा! बाबा दिसतायत का?”

“खुर्चीची पाठ दिसते.”

“खुर्चीत आहेत?”

“सांगता येत नाही गं. पाठ उंच आहे.”

तिने परत एकशे एकोणीसला फोन लावला; या वेळी तिथल्या माणसाने जास्त काही विचारलं नाही. रुग्णवाहिका निघाली. ओगुशींनी चार चाळीसला सुधारणा सोडली. चिसातो तेव्हा स्टेशनकडे धावत होती.

चिकुझेन-माएबारूला गाडी बदलताना तिने मातागाबाईंना परत फोन केला. रुग्णवाहिकेबरोबर आलेले अग्निशमन दलाचे दोघं झडप उचकटत होते. आतून संगीत आता बाहेरपर्यंत ऐकू येत होतं. कानांवरच्या यंत्राची वायर बहुधा निसटली असावी किंवा काढून ठेवलेली असावी, असं त्यांच्यातला एकजण म्हणत होता.

“कुठलं संगीत, काकू?”

“मला काय कळतंय त्यातलं. तेच तेच वाजतंय.”

खेळात कुणी बटण दाबेपर्यंत प्रत्येक संगीत पुन्हा पुन्हा वाजत राहतं. माणूस पुढच्या चालीचा विचार करत असला तरी वाजतं, आणि चहा करायला उठला तरीही.

“झडप निघाली,” मातागाबाई म्हणाल्या. “आत गेलेत ते. मला मागे व्हायला सांगतायत.”

त्यानंतर त्यांचा फोन लागत नव्हता. कारात्सुची गाडी फलाटावर उभी होती. एइझो निशिवाकींच्या पानावर दुसऱ्या मजल्यापर्यंतची पदकं होती, आणि नावाखाली ‘खेळत आहेत’ असं दिसत होतं.