रस्ता ओलांडण्याविषयी पाहुण्यांस सूचना

परदेशी पाहुण्यांसाठी सूचनापत्रक लिहायचं काम श्रीनिवासनं माझ्या गळ्यात मारलं, तेव्हा मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. तो परिषदेचा सचिव, आणि परिषद गांडुळांवर. "सरोजिनीबाई, तुमच्याइतकं रोखठोक कोण लिहिणार?" म्हणाला. लिहिलं. पाणी उकळलेलंच प्या. दुपारी एक ते चार दुकानाचं दार वाजवू नका. मालक गेलेला नाही, झोपलेला आहे. आणि रस्ता ओलांडताना धावू नका, मध्येच थांबू नका, मागे फिरू नका. एका चालीनं चला, वाहनं आपण होऊन वळसा घालतात.

लिहिताना माझा हात जराही अडखळला नाही. पुणेकराचा कशाला अडखळेल! खरं सांगायचं तर चार वर्षांपूर्वी कर्वे रस्त्यावर एका स्कूटरनं मला उडवलं होतं. खुब्याचं हाड मोडलं, आत सळई बसली, आणि तेव्हापासून मी पायी एकही मोठा रस्ता ओलांडला नव्हता. समोरच्या वाण्याकडे जायचं तरी रिक्षा करायचे. रिक्षावाला म्हणायचा, "अहो बाई, समोर तर आहे!" मी म्हणायचे, "मीटर टाका."

परिषदेच्या पहिल्या दिवशी सकाळी मी सभागृहाच्या फाटकाशी उभी होते. दहाला प्राध्यापक लेह्तोनेन यांचं भाषण. ते फिनलंडचे, वय एकोणऐंशी. रस्त्यापलीकडच्या अतिथिगृहात उतरलेले. गाडी काही आली नव्हती, आणि श्रीनिवास आत फोनवर ओरडत होता.

इतक्यात समोरच्या फुटपाथवर म्हातारबुवा दिसले. हातात माझ्या सूचनांचा पिवळा कागद. अगं बाई, हे निघाले की काय पायी! त्यांच्या गावात तासाला दोन गाड्या जातात, हे आदल्या संध्याकाळी त्यांनीच मला सांगितलं होतं. मी "थांबा!" म्हणून ओरडले, पण त्या गोंगाटात कोण ऐकतंय? एका माणसाचा जीव माझ्या तीन ओळींवर टांगलेला, आणि त्या ओळींवर माझा स्वतःचाच विश्वास उरलेला नाही.

त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि पाऊल टाकलं.

काय सांगू! स्कूटरी, लुना, टेंपो, सगळं अंगावर येत होतं, आणि तो किडकिडीत माणूस देवळाला प्रदक्षिणा घालावी तसा शांत चालत होता. गॅसची टाकी बांधलेली लुना त्यांच्या पुढून गेली, शाळेची रिक्षा मागून. बसच्या ड्रायव्हरनं डोकं बाहेर काढलं, शिवी तोंडाशी आणली आणि गिळली. साठ वर्षं ह्या गावात काढली, पण हा रस्ता एखाद्यासाठी असा उघडताना मी कधी पाहिला नव्हता. मी हात जोडले होते, हे मला नंतर कळलं.

"अगदी अचूक लिहिलंय," ते जवळ येऊन इंग्रजीत म्हणाले. "हे कळायला किती वर्षं सराव केलात?"

थाप सहज मारता आली असती. पण ज्यानं माझ्या शब्दावर विसंबून जीव धोक्यात घातला त्याच्यापुढे ती ओठांवर येईना. खुबा, सळई, रिक्षा, सगळं सांगून टाकलं. "माफ करा," म्हटलं, "मला स्वतःला नाही जमत हो." डोळे भरून आले. मेली लाज वाटली.

ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. घड्याळात पाहिलं. "वीस मिनिटं आहेत," म्हणाले आणि दंड पुढे केला.

"आत्ता?"

"आत्ता."

मी तो दंड असा आवळला की त्यांना वळ उठले असतील. डोळे मिटावेसे वाटत होते, पण मिटले नाहीत. एक स्कूटर सरळ माझ्या रोखानं आली. माझा खुबा ठणकला. आणि ती वळली! मागची वळली, तिच्या मागचीही वळली. कुणी मला ओळखत नव्हतं, कुणी माझ्याकडे नीट पाहतही नव्हतं, तरी जो तो मला जागा देत होता. हे सगळं रोज माझ्या दारासमोर चाललं होतं, आणि मी चार वर्षं मीटर टाकत बसले होते.

पलीकडच्या फुटपाथवर मी क्षणभर विजेचा खांब धरून उभी राहिले. श्वास जागेवर आला. परत फिरायला त्यांनी पुन्हा दंड पुढे केला.

"राहू द्या," मी म्हटलं. "आता तुम्ही माझ्या मागून या."