सासऱ्यांच्या सीटखाली

जुनी पिकअप गॅरेजात शहाण्यासारखी चाले. सासरे शेजारी बसले की मात्र चढावर आचके देई, आणि त्यांच्या तोंडाचा पट्टा सुटे, "जावईबापू, क्लच सोडायची अक्कल नाही तुम्हाला!"

आचक्यांनी कंबर धरली तेव्हा सासऱ्यांनी गाडीत बसणंच सोडलं. जावयाने सुटकेचा श्वास घेतला. पण अक्कल काढलेली डाचत होती. त्याने गाडी उचकटून पाहिली. सासऱ्यांच्या सीटखाली इंधन-पंपाची वायर सोलवटली होती, त्यांच्या वजनाने दबत होती. त्याने चांगली टेप गुंडाळली आणि हौसेने सासऱ्यांना चढावर नेलं.

गाडी सुळकन वर गेली. सासरे खूश. "आता रोज येतो सोबतीला. एकटे कंटाळत असाल!"

टेप उपटायला जावयाचे हात शिवशिवले. पण सासरे तिच्यावरच ऐसपैस बसले होते.