लोकर धरेपर्यंत

‘पाणी कढत हवं. कोमट पाण्यानं लोकर नुसती भिजते, धरत नाही. आणि ओतताना इकडेतिकडे बघू नकोस, हाताकडे बघ.’

सासूला जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण लोकर दाबून एकजीव करत नमद्याचं जाजम लाटायच्या दिवशी तिचा आवाज उलकानच्या कानाशी असायचाच. उलकाननं ‘बिस्मिल्ला’ म्हणत किटली कलती केली. लव्हाळ्याच्या चटईवर पसरलेल्या लोकरीवर पाण्याची बारीक धार पडली, वाफ उठली आणि ओल्या मेंढीचा वास अंगणभर झाला. तपकिरी लोकरीवर पांढऱ्या लोकरीची एडक्याच्या शिंगांची नक्षी होती, मधोमध पिवळा ठिपका. विकतचा रंग यंदा आणायचा नव्हता; पिवळा कांद्याच्या सालींचा होता.

बोलावतानाच तिनं मैत्रिणींना सांगून ठेवलं होतं, येताना फक्त मूठभर लोकर आणा, माझ्याकडे चहा आणि नान एवढंच मिळेल. त्यात लाजण्यासारखं काही नव्हतं. सगळ्यांचीच यंदा ओढाताण होती.

तरीही शेजारची झूरा आली ती मटणाचं पातेलं घेऊन.

‘हे कशाला गं?’

‘घरात पडून होतं,’ झूरा म्हणाली, आणि न विचारता चुलीपाशी गेली. झूराच्या घरात मटण कधी पडून राहत नसे.

मागोमाग साल्तानात आली. ती गावच्या शाळेत शिकवायची. तिच्या पिशवीतून लोणी निघालं, साखर निघाली, चहाचा न फोडलेला पुडा निघाला. तिनं उलकानच्या गालाला गाल लावला आणि नेहमीपेक्षा थोडा वेळ तसाच राहू दिला.

उलकाननं तो पुडा हातात घेतला आणि पुन्हा एकदा झूराच्या पातेल्याकडे पाहिलं.

शेवटी मारापात आली, वरच्या आळीतली, दारातूनच हसत. ‘मी बाई सांगितल्याप्रमाणे मूठभर लोकरच आणलीय. तुम्ही दोघींनी माझी पार अब्रू घालवलीत.’ तिनं आपलं निळं जाकीट खुंटीवर अडकवलं आणि बाह्या वर सारल्या.

चौघींनी चटई लोकरीसकट गुंडाळली, दोरीनं आवळली आणि ती जाड वळकटी पायांनी ढकलत अंगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊ लागल्या. उलकान मधे होती. तिला कुणी मधे घातलं हे तिला आठवेना. एका अंगाला झूरा, दुसऱ्या अंगाला मारापात, आणि साल्तानात किटली घेऊन मागे.

एर्मेक, तिचा एकुलता एक मुलगा, रशियात इमारतींच्या कामावर होता. मारापातचा मुलगा आदिलेतही त्याच्याबरोबरच होता. बरेच दिवस दोघांचाही फोन नव्हता. मारापात म्हणायची, लांब कुठेतरी पाठवलं असेल, पैसे लागले की आईची आठवण येईल बरोबर. उलकानला असं म्हणता येत नसे. एरवी गावात जो भेटेल तो आधी विचारायचा, एर्मेक काय म्हणतो? आज झूरानं विचारलं नव्हतं. साल्तानातनंही विचारलं नव्हतं.

या न विचारण्याचा अर्थ तिला ठाऊक होता. तिचा नवरा घाटात ट्रकखाली गेला त्या दिवशीही सकाळी बायका अशाच आल्या होत्या, लोकर धुवायला मदत करतो म्हणून. कुणी मटण आणलं होतं, कुणी पीठ. तिला मधे घेऊन ओढ्यावर बसल्या होत्या, हसल्या होत्या. मग म्हातारी माणसं आली होती, तिघं, टोप्या घातलेली, आणि बातमी सांगण्याआधी गवताबद्दल बोलली होती.

‘आता पायांनी पुरे,’ झूरा म्हणाली. ‘हातांनी घ्या.’

चौघी गुडघ्यांवर बसल्या. चटई काढून टाकली, आणि मनगटापासून कोपरापर्यंत हात टेकून ओली वळकटी पुढे दाबायची, मागे ओढायची. गरम पाणी बाह्यांत शिरत होतं.

‘तालावर, बायांनो,’ मारापात म्हणाली. ‘झूरा, तू अशी दाबतेस की नमद्याऐवजी सासू खाली आहे असं वाटतं.’

‘सासू असती तर एवढ्यात सपाट झाली असती.’

साल्तानात हसली, पण तिचं हसू मधेच तुटलं. उलकाननं मारापातकडे पाहिलं. हिला माझं मन रमवायचं काम दिलंय, तिच्या मनात आलं. आणि ही ते किती छान करतेय.

‘एर्मेकचा काही फोन आला का गं...’ मारापातनं विचारायला सुरुवात केली.

‘बोलू नकोस, जोर लाव,’ झूरा म्हणाली. इतक्या धारदार आवाजात की मारापातनं भुवया उंचावल्या.

म्हणजे नावसुद्धा घ्यायचं नाही. ती मनात दुआ म्हणू लागली. रोज पाचही वेळा तिचे ओठ सवयीनं हलत, पण आज एकच वाक्य येत होतं: माझ्या दारात नको. माझ्या दारात नको. मग तिच्या लक्षात आलं की ती काय मागतेय. माझ्या नाही, तर कुणाच्या? तिनं ओठ घट्ट मिटले. पण हात पुढेमागे होत राहिले, आणि हातांच्या तालावर ते वाक्य आपोआपच चालू राहिलं.

साल्तानातनं वळकटीची कड उलगडून चिमटीत धरून पाहिली. ‘धरलं की. झालं, उलकान.’

‘नाही झालं.’

‘अगं, बघ तरी.’

‘एकदा अजून. पाणी दे.’

काम अर्धं असताना अशी बातमी कुणी सांगत नाही. तेव्हाही लोकर धुऊन होईपर्यंत म्हातारे ओढ्यापलीकडे थांबले होते. लोकर धरेपर्यंत एर्मेक कुठेतरी उभा असेल, टोपी मागे सरकवून, भाकरी खात. उलकाननं दात आवळून वळकटी दाबली. पुन्हा उलगडली, पुन्हा गुंडाळली. पाणी मागितलं. पांढरी शिंगं आक्रसून वेडीवाकडी होऊ लागली होती, पिवळा ठिपका लांबट झाला होता.

‘उलकान, नमदा आटतोय,’ मारापात म्हणाली. ‘निजायला केलास की मांजराला?’

‘लाटू दे तिला,’ झूरा हळूच म्हणाली. तिचं लक्ष फाटकाकडे होतं.

फाटक वाजलं.

गावातले सगळ्यांत वडीलधारे शेरालीबाबा पुढे होते, मागे आणखी दोघं म्हातारे. तिघांच्याही डोक्यावर पांढऱ्या टोप्या. सलाम झाला. झूरानं घाईघाईनं चादर पसरली, म्हातारे बसले, गुडघ्यांवर हात ठेवून. बाबांनी दाढीवरून हात फिरवला आणि विचारलं, यंदा गवत पुरेल का. झूरा म्हणाली, पुरेल. दुसऱ्यानं म्हटलं, बर्फ लवकर येणार म्हणतात. साल्तानात म्हणाली, हो, म्हणतात.

उलकान उठली नाही. पाहुण्यांसमोर गुडघ्यांवर बसून ती एकटीच वळकटी ढकलत राहिली.

‘हात थांबव पोरी,’ बाबा म्हणाले.

‘धरलं नाहीये अजून.’

‘थांबव.’

ती थांबली. बाबा जमिनीकडे बघत म्हणाले, ‘एक विचारायचं होतं. कुणी परका वाटसरू तुमच्या अंगणात घोडा बांधून गेला. तुम्ही त्याला चारा घातला, जीव लावला. पुढे एका सकाळी तो आला आणि म्हणाला, माझा घोडा मी नेतो. तर काय करायचं?’

ज्याच्या घरचं माणूस गेलं त्यानंच उत्तर द्यायचं, अशी रीत; म्हणजे उत्तर उलकाननं द्यायचं होतं. नवऱ्याच्या वेळी तिनंच दिलं होतं. तिनं वळकटीची कड मुठीत घट्ट धरली.

शेजारून मारापातनं तिच्या मांडीवर ओला हात ठेवला. ‘तिला कशाला घाबरवता, बाबा? त्याचा घोडा, तो नेणार. आपण मधे पडणारे कोण?’

बाबांनी मान वर केली.

‘हे तू म्हणालीस, मारापात,’ ते म्हणाले. ‘तुझ्याच तोंडून ऐकायचं होतं.’

मारापातचा हात उलकानच्या मांडीवर तसाच राहिला. मग त्याचं वजन वाढत गेलं.

झूरा तोपर्यंत मारापातच्या पाठीशी येऊन बसली होती. साल्तानातनं किटली खाली ठेवली आणि डोक्यावरच्या रुमालात तोंड लपवलं. बाबा बोलत होते, हळू, एकेक शब्द ठेवत. पहाड कोसळावा तशी इमारतीची परांची कोसळली, आदिलेत खाली सापडला. वेदना झाली नसेल. त्याला आणणारी गाडी सीमेच्या अलीकडे आली आहे. ‘उलकान, तुझा एर्मेकच त्याला घेऊन येतोय. एकटं सोडलं नाही त्यानं. तुला फोन केला असता तर तू आवाजावरून ओळखलं असतंस, म्हणून केला नाही.’

‘आणि तुला आम्ही कसं सांगणार होतो?’ झूरा पुटपुटली. ‘तुझ्या तोंडावर काही लपत नाही.’

एर्मेक येतोय. उलकानच्या छातीत इतक्या जोरात काहीतरी मोकळं झालं की आभाराचे शब्द घशापर्यंत आले. तिनं ते दातांखाली धरले. आपल्या चेहऱ्यावर आता काय दिसत असेल या भीतीनं तिनं मान खाली घातली.

मारापात रडली नाही. ती आपल्या ओल्या बाह्यांकडे बघत होती. कुणीतरी चुकीचे हात तिला लावून दिले असावेत तशी.

‘गाय बांधायची राहिलीय,’ ती म्हणाली. ‘धारेची वेळ झाली.’

‘मी काढते,’ उलकान म्हणाली.

‘तुला नाही देणार ती. परक्या हाताला लाथ मारते.’ मारापातनं खुंटीकडे नजर वळवली. ‘माझं जाकीट घालून जा. वास आला की पान्हा सोडते.’

‘जाते. काढते मी, मारापात.’

मग झूरानं मारापातला कवेत घेतलं, आणि मारापातच्या तोंडून पहिला हंबरडा निघाला. म्हाताऱ्यांनी दुआसाठी हात वर उचलले.

उलकान उठली. बादली घेतली. खुंटीपाशी जाऊन तिनं निळं जाकीट उतरवलं. आतून त्याला मारापातचा वास होता, खिशात काहीतरी खुळखुळलं. त्या बाह्यांत हात घालायला तिला भय वाटलं, साधं, लहान मुलाला अंधारात शिरताना वाटतं तसं. ती थोडा वेळ ते हातात धरून उभी राहिली. मग ‘बिस्मिल्ला’ म्हणून तिनं आधी उजवा हात घातला, मग डावा, गळ्यापर्यंत बटणं लावली, आणि फाटक न वाजवता उघडून वरच्या आळीच्या वाटेला लागली.